पावणेसोळा इंचांचा मुलूख

जॉन गास्टचे ‘अमेरिकन प्रोग्रेस’ हे चित्र ज्यांनी फक्त पुस्तकात पाहिले आहे, त्यांना ते भिंतभर असणार असेच वाटते. एवढा विस्तीर्ण मुलूख, एवढे आभाळ आणि मधोमध, जमिनीला पाय न लावता पश्चिमेकडे निघालेली सोनेरी केसांची उंच स्त्री. प्रत्यक्षात हे १८७२ सालचे तैलचित्र साडेअकरा इंच उंच आणि पावणेसोळा इंच रुंद आहे. लॉस एंजेलिसच्या ऑट्री संग्रहालयाच्या संग्रहात ते आहे. एका माणसाला काखोटीला मारून नेता येईल, एवढाच त्याचा पसारा.

बाजारात मात्र ते हवे तेवढे मोठे होऊन मिळते. हाताने रंगवलेल्या प्रतिकृती पुरवणाऱ्या दुकानांकडे २४ बाय ३६, ३० बाय ४०, ३६ बाय ४८ इंच अशी ठरलेली मापे असतात. गिऱ्हाइकाने माप आणि चौकट निवडायची, पैसे भरायचे. काही आठवड्यांनी नळकांड्यात गुंडाळलेला कॅनव्हास दारात येतो. अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीच्या विस्ताराची चित्रे या दुकानांत हमखास सापडतात. गास्ट आहे, एमान्युएल लॉइट्झे आहे, आल्बर्ट बीरश्टाट आहे, जॉर्ज कॅलेब बिंगहॅम आहे. मूळ चित्रांवर आता कुणाचाही स्वामित्वहक्क नाही. शिवाय न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने १९९९ मध्ये ‘ब्रिजमन विरुद्ध कोरल’ खटल्यात ठरवले की, जुन्या चित्राचा जसाच्या तसा फोटो काढला म्हणून त्या फोटोवर नवा हक्क मिळत नाही. चित्र फुकट, फोटोही फुकट. खर्च उरतो तो कॅनव्हासचा, रंगांचा आणि रंगवणाऱ्याच्या मजुरीचा.

या प्रतिकृतींविषयी बोलणे निघाले की ते बहुधा कारागिरीभोवती फिरते. रंग जुळले का, कुंचल्याचे फटकारे मूळ चित्रासारखे उमटले का, नक्कल ती नक्कलच, वगैरे. पण सरहद्दीच्या चित्रांबाबत आधी विचारायला हवा तो प्रश्न वेगळा आहे. ही चित्रे मुळात कुणी, काय विकण्यासाठी काढून घेतली? आणि ती हाताने रंगवून, तिप्पट मोठी करून, सोनेरी चौकटीत दिवाणखान्यात आली की त्या विक्रीचा माग कुठे जातो? उत्तर असे आहे की तो माग पुसला जातो. एकेकाळची जाहिरात हाताने रंगवली की वारसा म्हणून वावरू लागते, आणि कुंचल्याला असलेला मान तिला आयता मिळतो.

गास्टकडून हे चित्र करून घेणारा जॉर्ज क्रॉफट हा प्रकाशक होता. मे १८६९ मध्ये रेल्वेमार्ग खंडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जोडला गेला आणि पूर्वेकडच्या सुखवस्तू कुटुंबांना पश्चिमेची सफर आवाक्यात आली. क्रॉफट त्यांच्यासाठी प्रवासाची मार्गदर्शक पुस्तके काढत असे. गास्ट बर्लिनमध्ये जन्मलेला, ब्रुकलिनमध्ये काम करणारा, शिळाछापाच्या धंद्यातला चित्रकार. त्याचे तैलचित्र हाती आल्यावर क्रॉफटने त्याची रंगीत शिळाछाप काढली आणि आपल्या नियतकालिकाच्या वर्गणीदारांना ती भेट म्हणून देऊ केली. आधी एक थोर चित्र निर्माण झाले, ते गाजले आणि मग त्याच्या नकला निघाल्या, असा क्रम इथे घडलेला नाही. ते पावणेसोळा इंच छापखान्यासाठीच रंगवले गेले. ते लहान का, याचाही उलगडा यातच होतो.

चित्र जवळून पाहिले की मागणी किती बारकाईने पुरवली आहे हे कळते. त्या स्त्रीच्या कपाळावर तारा आहे. एका हाताशी शाळेचे पुस्तक आहे आणि दुसऱ्या हातातून तारायंत्राची तार सुटत जाते आहे. तिच्या मागे खांबांची रांग लागली आहे. खाली उजव्या कोपऱ्यात बैलांचा नांगर धरलेले शेतकरी, त्यांच्या पुढे सोन्याच्या शोधात निघालेले लोक, घोडागाडी, कापडी छताची वॅगन, टपाल घेऊन दौडणारा स्वार. त्यांच्या मागे तीन आगगाड्या, प्रत्येक आपापल्या रुळावर. अगदी उजवीकडे पाणी, जहाजे, पूल आणि शहर. सगळा उजेड तिकडून येतो. डावीकडे अंधारून आलेले आहे. तिथे अमेरिकन गव्यांचा (बायसनचा) कळप पळतो आहे, अस्वल पळते आहे, आणि मूलनिवासी माणसे मागे वळून पाहत चित्राबाहेर निघाली आहेत. कुठे लढाई नाही, रक्त नाही. जणू उजेड पुढे सरकला आणि ती माणसे आपोआप बाजूला झाली.

आता १८७२ हे साल आठवावे. त्याच्या आसपास गव्याच्या कातड्यापासून कारखान्यांतल्या यंत्रांचे पट्टे करण्याजोगे चामडे कमावता येऊ लागले होते, आणि त्यामुळे शिकार हा मोठा धंदा झाला होता. त्याच वर्षी रेल्वे कॅन्ससमधल्या डॉज सिटीला पोचली आणि कातड्यांच्या थप्प्या डब्यांत चढू लागल्या. कोट्यवधींच्या संख्येने असलेला हा प्राणी १८८० चे दशक संपेपर्यंत जेमतेम हजाराच्या घरात उरला. त्याच्यावर ज्यांचे अन्न, वस्त्र आणि निवारा अवलंबून होता, त्या जमातींना वेगळे हरवायची गरजच पडू नये, अशी ती अवस्था होती. चित्रातला गवा आगगाडीला घाबरून पळतो. खरा गवा आगगाडीत भरला जात होता.

आणि करार? १८६८ मध्ये फोर्ट लॅरामी इथे झालेल्या करारात ब्लॅक हिल्सचा डोंगराळ मुलूख सू या मूलनिवासी लोकांना कायमचा दिला होता. १८७४ मध्ये तिथे सोने सापडले, १८७७ मध्ये तो मुलूख काढून घेतला गेला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये ही जमीन मोबदला न देता घेतल्याचे मान्य केले आणि व्याजासह दहा कोटी डॉलरहून अधिक भरपाई कायम केली. सू लोकांनी ती रक्कम आजतागायत उचललेली नाही; त्यांना जमीन हवी आहे. गास्टच्या चित्रात जी माणसे डाव्या कडेने बाहेर पडताना दिसतात, ती कुठेही गेलेली नाहीत. त्यांचा दावा उभा आहे. म्हणून हे चित्र ‘जुन्या काळचे’ म्हणून निर्धास्तपणे भिंतीवर लावता येत नाही.

गास्ट एकटा नव्हता. न्यूयॉर्कच्या ‘करिअर अँड आइव्ह्ज’ या छापखान्याने १८६८ मध्ये ‘अक्रॉस द काँटिनेंट’ नावाचे चित्र विकायला काढले. खंड चिरत जाणारी सरळसोट रेल्वे, तिच्या एका अंगाला शाळा आणि वसाहत, दुसऱ्या अंगाला इंजिनाच्या धुरात सापडलेले दोन मूलनिवासी घोडेस्वार. ते रेखाटणारी फॅनी पामर ही इंग्लंडहून आलेली, विलक्षण ताकदीची चित्रकर्ती होती. तिचे अमेरिकेतले काम न्यूयॉर्कच्या परिसरात बसून झाले. या छापखान्यातली चित्रे काळ्या शाईत छापली जात आणि नंतर हाताने रंगवली जात. लांब टेबलाभोवती तरुण मुली बसत, त्यांतल्या बऱ्याचशा जर्मन घरांतल्या. समोर रंगवलेला नमुना ठेवलेला असे आणि प्रत्येकीने एकच रंग भरून कागद शेजारणीकडे सरकवायचा. सरहद्दीची ‘हाताने रंगवलेली’ नक्कल ही आजची कल्पना नाही, ती त्या चित्रांच्या जन्मापासून त्यांच्याबरोबर आहे. फरक इतकाच की तेव्हा गिऱ्हाइकाला ठाऊक असे की आपण थोड्या पैशांत छापील चित्र घेतो आहोत.

बिअरच्या धंद्यानेही हात धुऊन घेतले. लिटल बिगहॉर्नच्या १८७६ च्या लढाईत अमेरिकी लष्करी अधिकारी कस्टर आणि त्याची तुकडी मारली गेली. कॅसिली अ‍ॅडम्सने १८८० च्या दशकात त्या प्रसंगाचे प्रचंड चित्र काढले. पुढे ते सेंट लुइसच्या अनहॉयझर-बुश कंपनीकडे आले. कंपनीने ऑटो बेकर या चित्रकाराकडून त्याच विषयाची नवी मांडणी करून घेतली आणि १८९६ पासून तिच्या शिळाछापा कंपनीच्या नावानिशी देशभरच्या दारूच्या गुत्त्यांत लावल्या. अ‍ॅडम्सचे मूळ चित्र कंपनीने लष्कराला दिले होते. १९४६ मध्ये टेक्ससमधल्या फोर्ट ब्लिस इथे ते आगीत जळाले. मूळ चित्र राख झाले आणि बिअरची जाहिरात शिल्लक राहिली. कित्येक अमेरिकनांच्या मनात ती लढाई आजही गुत्त्याच्या भिंतीवरून उतरलेली आहे. तिथे कस्टर मधोमध ताठ उभा आहे आणि ज्या सू आणि शायान लोकांचा त्या दिवशी विजय झाला, ते चहूबाजूंनी घोंघावणारा जमाव म्हणून दिसतात.

गास्ट बर्लिनचा, लॉइट्झे श्वेबिश ग्म्युंडचा, बीरश्टाट झोलिंगेनचा, बेकर ड्रेस्डेनचा; सगळे जर्मन मुलखातले. रंगीत शिळाछापाची विद्या जर्मन कारागिरांबरोबर जगभर गेली आणि तिचा एक फाटा महाराष्ट्रातही उतरला. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत घाटकोपरला छापखाना काढला. तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि नंतर फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाने तो विकत घेऊन चालवला. तैलचित्रावरून दगडावर, दगडावरून कागदावर, कागदावरून घराघरांतल्या देव्हाऱ्यावर, असा लक्ष्मी-सरस्वतीचा प्रवास मराठी माणसाच्या पूर्ण परिचयाचा आहे. छापलेला चेहरा एकदा मनात बसला की तो कुणीतरी ठरवून काढला होता याचा विसर पडतो, हे इथल्या घरांना सांगावे लागत नाही. अमेरिकेतल्या मराठी घरांतही आता मुले गास्टचे चित्र शाळेच्या पुस्तकात बघतात, त्यांच्याशी बोलताना हा धागा उपयोगी पडेल.

लॉइट्झेची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण प्रतिकृतीच्या धंद्यातली खरी मेख तिथे आहे. वॉशिंग्टनच्या संसद भवनात, प्रतिनिधिगृहाच्या बाजूच्या पश्चिमेकडील जिन्यावर, त्याचे २० फूट उंच आणि ३० फूट रुंद भित्तिचित्र आहे. ‘साम्राज्याची वाट पश्चिमेकडे’ अशा आशयाचे त्याचे नाव. १८६१ मध्ये २०,००० डॉलरना हे काम त्याला दिले गेले आणि १८६२ मध्ये ते पुरे झाले. डोंगराच्या खिंडीत पोचलेला वसाहतवाल्यांचा काफिला, कड्यावर चढून झेंडा उंचावणारे लोक आणि पुढे सोनेरी उजेडात पसरलेला पश्चिमेचा मुलूख. काम हाती घेताना लॉइट्झेने एक लहान तैलचित्र कच्चा आराखडा म्हणून केले होते; ते आज स्मिथसोनियनच्या अमेरिकन कलासंग्रहालयात आहे.

आराखडा आणि भित्तिचित्र शेजारी ठेवले की एक माणूस जास्तीचा सापडतो. भित्तिचित्रात, पुढच्या बाजूला, जवळजवळ मधोमध, एक कृष्णवर्णीय तरुण खेचराचा लगाम धरून चालला आहे. खेचरावर गोरी बाई आणि तिचे मूल. आराखड्यात तो नाही. मधल्या काळात गुलामगिरीवरून पेटलेले यादवी युद्ध देशभर पसरले होते, आणि एप्रिल १८६२ मध्ये राजधानीच्या जिल्ह्यातली गुलामगिरी कायद्याने संपली होती. लॉइट्झेने संसदेच्या भिंतीवर, सदस्यांच्या रोजच्या वाटेवर, त्या तरुणाला जागा दिली. विस्ताराचा गौरव करणाऱ्या या चित्रातली ती एकच जागा अशी आहे की जिथे चित्रकाराने आपल्या काळाशी संवाद साधला.

प्रतिकृतीसाठी सोयीचा कोणता? अर्थात आराखडा. तो चित्रफलकाच्या मापाचा आहे, सपाट आहे, त्याचा स्वच्छ फोटो मिळतो. त्यावरून केलेल्या नकलेत तो तरुण येतच नाही. कुणी मुद्दाम त्याला वगळलेले नसते. निवड सोयीची असते आणि सोयीमुळे इतिहासातले एक माणूस गळते. विकत घेणाऱ्याने विचारले नाही तर त्याला हे कधीच कळणार नाही.

गास्टच्या चित्राचे हाल वेगळ्या रीतीने होतात. त्याची रुंदी उंचीच्या १.३७ पट आहे. २४ बाय ३६ चा कॅनव्हास घेतला तर रुंदी दीडपट. म्हणजे वरखालचा भाग कापायचा किंवा चित्र आडवे ताणायचे. ३० बाय ४० मध्ये उलट, कडा छाटाव्या लागतात, आणि डाव्या कडेला कोण आहे हे वर आलेच आहे. ४८ इंची नकलेत मूळ चित्र रुंदीला तिप्पट होते. मूळ चित्रात मूलनिवासी माणसांचे चेहरे काही मिलिमीटरचे आहेत. ते चेहरे मोठे करताना जे मुळात नाही ते रंगवणाऱ्याला आपल्या मनाने भरावे लागते. ज्यांना त्याने कधी पाहिलेले नाही, त्यांच्या डोळ्यांतली भीती किंवा राग तो ठरवतो. तारायंत्राची केसासारखी तार नकलेत दोरखंडाच्या जाडीची होऊ शकते. आणि हातात असलेला फोटो तैलचित्राचा आहे की क्रॉफटच्या शिळाछापेचा, यावर आभाळाचा रंग ठरतो, कारण दोन्हींची रंगसंगती सारखी नाही.

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात १७९३ पासून चित्रकार मूळ चित्रासमोर उभे राहून नक्कल करत आले आहेत. तिथला नियम असा की नक्कल मूळ मापाची असता कामा नये. निदान एक पंचमांशाने लहान किंवा मोठी हवी, म्हणजे ती मूळ म्हणून खपवता येणार नाही. शिकण्याचा हा फार जुना आणि सन्मानाचा मार्ग आहे. मूळ चित्रासमोर तासन्‌तास उभा असलेला विद्यार्थी त्या चित्राचे खरे माप, खरा पोत, खऱ्या चुका पाहतो. फोटोवरून काम करणाऱ्याला यातले काही मिळत नाही. जर्मन विचारवंत वॉल्टर बेंजामिनने १९३० च्या दशकात म्हटले होते की यंत्राने नकला निघू लागल्या की मूळ कलाकृतीभोवतीचे तेज ओसरते. सरहद्दीच्या चित्रांत गंगा उलटी वाहिली. मुळात छापण्यासाठीच केलेल्या चित्राला तसे तेज कधी नव्हते. हाताने रंगवलेली नक्कल ते त्याला नव्याने बहाल करते.

यात रंगवणाऱ्या कारागिराला बोल लावणे अन्यायाचे होईल. या धंद्याचे जगातले सर्वांत नावाजलेले ठिकाण म्हणजे दक्षिण चीनच्या शेनझेन शहरातले दाफेन. १९८९ मध्ये हाँगकाँगचा व्यापारी हुआंग ज्यांग वीसेक चित्रकार घेऊन तिथे आला आणि पुढच्या काही वर्षांत हजारो चित्रकारांनी त्या खेड्यातल्या खोल्या भरून गेल्या. २००८ च्या मंदीत अमेरिका आणि युरोपकडून येणारी मागणी कोसळली तेव्हा त्यांना त्याची थेट झळ बसली. विनी वाँग या संशोधिकेने २०१३ च्या आपल्या पुस्तकात दाफेनचे चित्र फार समजून मांडले आहे. बाहेरच्या पत्रकारांना तिथे माणसांचे यंत्र दिसले, वाँगला मात्र मागणी घेऊन, आपल्या जागेत बसून, सबंध कॅनव्हास पुरा करणारे स्वतंत्र कारागीर दिसले. त्यांची नजर आणि हात कमअस्सल नाहीत.

दाफेनचा उल्लेख आणखी एका कारणाने अपरिहार्य आहे. ते ग्वांगडोंग प्रांतात येते. १८६० च्या दशकात कॅलिफोर्नियातून पूर्वेकडे निघालेला ‘सेंट्रल पॅसिफिक’ रेल्वेमार्ग ज्यांनी बांधला, त्या चिनी मजुरांतले बहुसंख्य याच प्रांतातून, पर्ल नदीच्या मुखाच्या परिसरातून आलेले होते. त्यांची एकूण संख्या दहा ते वीस हजार धरली जाते. कंपनीच्या मजुरांत त्यांचे प्रमाण ९० टक्क्यांपर्यंत गेले होते. सिएरा नेवाडाच्या ग्रॅनाइटमधून त्यांनी १,६५९ फूट लांबीचा शिखराखालचा बोगदा हातांनी आणि स्फोटकांनी फोडला. जून १८६७ मध्ये हजारोंनी काम थांबवले आणि गोऱ्या मजुरांइतकी मजुरी मागितली. कंपनीने त्यांचा अन्नपुरवठा तोडून संप मोडला. गास्टच्या चित्रात तीन आगगाड्या आहेत. शेतकरी आहे, खाणवाला आहे, टपालवाला आहे. रूळ घालणारा चिनी मजूर कुठेही नाही.

छायाचित्रातही तो ठळकपणे दिसत नाही. १० मे १८६९ रोजी यूटामधल्या प्रॉमंटरी इथे दोन्ही मार्ग मिळाले तेव्हा अँड्र्यू रसेलने घेतलेल्या प्रसिद्ध छायाचित्रात समोरासमोर दोन इंजिने, हस्तांदोलन, उंचावलेल्या बाटल्या आणि गोऱ्या माणसांची गर्दी आहे. थॉमस हिलने १८८१ मध्ये त्याच प्रसंगाचे भव्य तैलचित्र काढले. त्यात थिओडोर जूडा हा या रेल्वेचा अभियंता उभा आहे; तो १८६३ मध्येच वारला होता. मेलेल्या अभियंत्याला मानाची जागा मिळाली आणि जिवंत चिनी मजूर कडेला राहिले. पुढच्याच वर्षी, १८८२ मध्ये, चिनी मजुरांना देशात येण्यास बंदी करणारा कायदा झाला. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी या मजुरांवर अनेक वर्षे काम केले, पण त्यांच्यापैकी कुणीही स्वतः लिहिलेले एकही पत्र त्यांना सापडलेले नाही. गास्टच्या चित्राची मागणी आज ग्वांगडोंगमधल्या एखाद्या खोलीत पोचते तेव्हा तिथला चित्रकार अशा आगगाड्या रंगवतो, ज्यांच्यासारख्यांचे रूळ त्याच्याच प्रांतातल्या माणसांनी घातले होते. समोरच्या फोटोत त्याला हे कळण्याची काही सोय नाही.

यावर एक सरळ आक्षेप येतो. लोक ही चित्रे शोभेसाठी घेतात. डोंगर, आभाळ, वॅगन, उजेड. त्यात राजकारण कशाला आणायचे? बीरश्टाटच्या एखाद्या डोंगरदऱ्यांच्या चित्राबद्दल हे काही अंशी पटते. गास्टबद्दल पटत नाही. अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा खात्याने जुलै २०२५ मध्ये आपल्या अधिकृत समाजमाध्यम खात्यावर हेच चित्र टाकले, वारशाचा अभिमान आणि मायभूमीचे रक्षण अशा आशयाच्या ओळीबरोबर. स्थलांतरितांची धरपकड करणारे खाते बर्लिनमध्ये जन्मलेल्या माणसाचे चित्र वापरून ‘आपला वारसा’ म्हणते, तेव्हा चित्राच्या जन्माची नोंद किती आवश्यक आहे हे दिसते. राजकारण त्या चित्रात १८७२ पासून आहे. नव्याने कुणी घातलेले नाही.

हा मुद्दा उघडपणे मांडण्याचा मोठा प्रयत्न १९९१ मध्ये झाला होता. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अमेरिकन कलासंग्रहालयाने ‘द वेस्ट अ‍ॅज अमेरिका’ हे प्रदर्शन भरवले. १८२० ते १९२० या शंभर वर्षांतली पश्चिमेची चित्रे मांडून त्यांच्याशेजारी लिहिले की हे कुणाच्या पैशांनी, कुणाच्या सोयीसाठी झाले. गदारोळ उठला. इतिहासकार डॅनियल बूर्स्टिन यांनी अभिप्रायवहीत प्रदर्शनाचा कडक शब्दांत निषेध केला, सिनेटर टेड स्टीव्हन्स यांनी संग्रहालयाच्या सरकारी पैशाचा विषय काढला. त्या प्रदर्शनातले काही मजकूर उपदेशाच्या सुरात होते, हे त्याच्या बाजूच्या लोकांनीही कबूल केले. पण लोक भडकले ते चित्रांमुळे नव्हे, चित्रांशेजारच्या पाट्यांमुळे. तीच चित्रे पाटीशिवाय टांगली असती तर कुणाचीही तक्रार आली नसती. दुकानातली प्रतिकृती नेमकी पाटीशिवाय येते.

नक्कल करणारा हात गळलेली माणसे परतही आणू शकतो, आणि हे काम झालेले आहे. न्यूयॉर्कचा छायाचित्रकार कॉर्की ली शाळकरी वयापासून रसेलच्या छायाचित्रात आपली माणसे शोधत होता. १० मे २०१४ रोजी, बरोबर १४५ वर्षांनी, त्याने प्रॉमंटरीला चिनी वंशाच्या अमेरिकनांना गोळा केले. त्यांत त्या मजुरांचे वंशजही होते. त्याच दोन इंजिनांच्या प्रतिरूपांसमोर, रसेलच्याच मांडणीत त्याने त्यांचे छायाचित्र घेतले. मांडणी तीच, माणसे खरी.

क्री जमातीचा कॅनेडियन चित्रकार केंट मॉंकमन हेच तैलरंगात करतो. बीरश्टाटचे डोंगर, सरोवरे, ढगांतून झिरपणारा उजेड तो अस्सल एकोणिसाव्या शतकातल्या हातोटीने उतरवतो आणि त्या निर्मनुष्य करून टाकलेल्या निसर्गात माणसे परत आणतो. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या प्रवेशदालनात त्याची दोन प्रचंड चित्रे लागली. त्यांतले एक लॉइट्झेच्याच दुसऱ्या प्रसिद्ध चित्रावर, डेलावेर नदी ओलांडणाऱ्या वॉशिंग्टनवर, बेतलेले होते. नावेत मात्र मूलनिवासी होते आणि त्यांनी पाण्यात पडलेल्या इतरांना वर ओढून घ्यायला हात दिलेले होते. लॉइट्झेची रचना त्याने फटकाऱ्याफटकाऱ्यानिशी समजून घेतली नसती तर हे जमले नसते. नकलेत केवढी समज मावते, याचा याहून चांगला पुरावा नाही.

प्रत्येक गिऱ्हाइकाने मॉंकमन व्हावे ही अपेक्षा कुणी करणार नाही. पण प्रतिकृती विकणाऱ्या दुकानाला काही गोष्टी आज, एका ओळीच्या खर्चात करता येतात. मूळ चित्राचे खरे माप सांगावे. ते कुणी, कोणत्या साली, कशासाठी करून घेतले हे लिहावे. नक्कल कशावरून केली, तैलचित्रावरून की छापील चित्रावरून, आराखड्यावरून की भित्तिचित्रावरून, हे नोंदवावे आणि कॅनव्हासच्या पाठीवर, रंगवणाऱ्याची हरकत नसेल तर त्याच्या नावासह, चिकटवून द्यावे. लॉइट्झे मागवणाऱ्याने जिन्यावरचे भित्तिचित्रच मागावे आणि खेचराचा लगाम धरलेला तरुण आला आहे की नाही हे पैसे देण्याआधी पाहून घ्यावे. शाळांनी गास्टचे चित्र वर्गात लावायचे असेल तर ते साडेअकरा बाय पावणेसोळाच्या मापातच लावावे आणि शेजारी क्रॉफटच्या प्रवासी पुस्तकाचे एखादे पान लावावे, म्हणजे कोण काय विकत होते ते पाचवीतल्या मुलालाही विचारता येईल.